'चेक' या एका इंग्रजी शब्दाचे इतके वेगवेगळे अर्थ कसे?

तुम्ही विचारलंय की बँकेत वटवतो तो चेक, 'जरा चेक कर' मधला चेक, चेक्सचा शर्ट आणि चेक प्रजासत्ताक, हे सगळे एकच शब्द आहेत का. शेवटचा आधी बाजूला काढतो. ते तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव आहे. देवनागरीत सारखं दिसतं एवढंच, इंग्रजी स्पेलिंग पाहिलं की वेगळेपण लगेच कळतं. उरलेले तिन्ही मात्र सख्खे आहेत, आणि त्यांचं मूळ बुद्धिबळाच्या पटावर आहे.

मी बुद्धिबळ आजोबांकडून शिकलो. माझ्या राजावर घोडा रोखला की ते पटावर बोट टेकवून 'शह' म्हणायचे. शाळेच्या स्पर्धेत आम्ही पोरं 'चेक' म्हणायचो. हे दोन्ही एकच शब्द आहेत हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

फारसीत शाह म्हणजे राजा. समोरच्याचा राजा माऱ्यात आला की 'शाह' असं बजावायची पद्धत होती. तो शब्द अरबांबरोबर युरोपात गेला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला आणि इंग्रजीत 'चेक' होऊन उतरला. 'चेस' हे खेळाचं नावही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलंय. आपल्याकडे फारसीतून 'शह' आला आणि त्याच्या जोडीनं 'मात'ही. 'संकटावर मात केली' म्हणताना आपण बुद्धिबळाचीच भाषा बोलत असतो.

पुढे दोन्ही भाषांत एकच गोष्ट घडली. शह बसला की खेळाडूला हातातला बेत सोडून थांबावंच लागतं. म्हणून मराठीत प्रतिस्पर्ध्याला शह देतात, आणि इंग्रजीत चेक म्हणजे रोखणं, आवर घालणं. मराठी शब्द तिथेच थांबला. इंग्रजी शब्द पुढे चालत गेला: रोखणं, मग गैरप्रकार रोखण्यासाठी नजर ठेवणं, मग ताडून पाहणं. आपण वही चेक करतो ती या शेवटच्या अर्थानं.

शर्टाचे चेक्स पटाच्या चौकटींवरून आले. पण त्या पटाची खरी गंमत इंग्लंडच्या खजिन्यात आहे. हेन्री दुसरा याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं बाराव्या शतकात तिथल्या कामाचं तपशीलवार वर्णन लिहून ठेवलंय. साधारण १० फूट लांब, ५ फूट रुंद टेबल, वरच्या वस्तू पडू नयेत म्हणून कडेला चार बोटं उंच काठ, आणि त्यावर रेघा आखलेलं काळं कापड. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं जिकिरीचं, म्हणून पेनी, शिलिंग, पौंड असे रकाने धरून त्यात सोंगट्या मांडायच्या आणि हिशोब सगळ्यांच्या डोळ्यांसमोर करायचा. एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला वसुली घेऊन आलेला शेरीफ. पटावर जशी दोन राजांची लढाई, तशी इथे या दोघांची, असं तो स्वतःच म्हणतो. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेकिये' म्हणत, त्यावरून त्या कचेरीचं नाव पडलं 'एक्सचेकर'. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चान्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवला जातो.

आता बँकेचा चेक. हा अठराव्या शतकातला, आणि तो सुरुवातीला त्या कागदाचं नावच नव्हता. आपल्याकडे उरणारं जे काउंटरफॉइल असतं, त्याला चेक म्हणत. कारण कुणी रकमेत फेरफार केला तर त्याच्याशी ताडून पकडता यायचं, म्हणजे लबाडीला तो शह होता. नंतर ते नाव पैसे देण्याच्या मुख्य कागदाला चिकटलं. जुन्या चेकबुकात काउंटरफॉइलवर तारीख, नाव, रक्कम नीट भरून ठेवणारी माणसं पाहिली की मला हा मूळ अर्थ आठवतो.

बँकेच्या चेकच्या वेगळ्या स्पेलिंगबद्दलही विचारलंय तुम्ही. त्याच्या शेवटी 'क्यू-यू-ई' येतं ते एक्सचेकरच्या स्पेलिंगच्या प्रभावानं. ब्रिटिशांनी ते ठेवलं, त्यांच्यामुळे आपल्याकडच्या बँकांतही तेच रुजलं. अमेरिकेत मात्र बँकेच्या चेकलाही 'सी-के'च लिहितात, आणि तिथे हॉटेलात जेवण झाल्यावर येणारं बिलसुद्धा 'चेक'च असतं.