शेजाऱ्याने बांध कोरत कोरत आमचं तीन-चार फूट शेत घेतलंय. संबंध न बिघडवता काय करता येईल?

'संबंध न बिघडवता' वाचलं आणि लिहायला बसलो. बांध कोरला जातोय म्हणजे संबंध बिघडलेलेच आहेत, फक्त एका बाजूने. तुम्ही अजून रामराम घालताय, एवढंच.

आमच्याकडे हे वीसेक वर्षं चाललं. पश्चिमेला तात्यांचं शेत. कोणी एका दिवसात चार फूट घेत नाही. नांगरटीला ट्रॅक्टरवाला बांधाला खेटून फाळ घालतो, बांधाचं एक ढेकूळ पलीकडे पडतं, कुळवाची पाळी घातली की ते रानात मिसळून जातं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ज्या बांधावरून आमची बैलगाडी जायची, त्यावरून नंतर डोक्यावर वैरण घेऊन सरळ चालता येईना. बोरीची मुळं त्यांच्या अंगाने उघडी पडली होती.

घरात अण्णांचं म्हणणं, हातभर मातीसाठी कुणाच्या तोंडाला लागायचं. माझा भाऊ, दादा, दुसऱ्या टोकाचा. एका उन्हाळ्यात त्याने ट्रॅक्टर घालून बांधच उलटा सरकवला. मग शिवीगाळ, दोन्हीकडून पोलिसांत तक्रारी. तिथे सांगितलं ते बरोबरच होतं: हद्द कुठून जाते हे आम्ही कसं ठरवणार, मोजणी आणा. तेव्हा हे करू नका. मोजणीआधी बांधाला हात लावला की पुढे तुमचीच बाजू लंगडी पडते.

मी 'हद्द कायम' मोजणीचा, म्हणजे नकाशाप्रमाणे हद्द जागेवर दाखवून घ्यायचा, अर्ज केला. दादा म्हणाला, पैसे उधळायची हौस. मोजणी पीक निघाल्यावर घ्या, उभ्या उसात कुणाला काही दिसत नाही. लगतच्या सगळ्या कब्जेदारांना नोटीस जाते, तरी आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगून या. मी तात्यांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "आण की, तुझंच बाहेर निघंल." मला तेव्हा फार राग आला होता.

अण्णांच्या तरुणपणी ३३ फुटी साखळी ओढत मोजायचे. ३३ बाय ३३ चा गुंठा, त्या साखळीतूनच आलेला. आमच्या वेळी भूकरमापकाने, म्हणजे सरकारी मोजणीदाराने, मशीन लावलं, नकाशाशी ताडून पाहिलं आणि तात्यांच्या तुरीच्या धसकटांत एका जागी उकरायला सांगितलं. वीतभर खाली हद्दीचा जुना दगड. बांधापासून चार फूट आत. चार फूट रुंद आणि ६६० फूट लांब पट्टी म्हणजे जवळजवळ अडीच गुंठे. दादाने तिथल्या तिथे माझी पाठ थोपटली.

मग मशीन पूर्वेकडे गेलं. तिकडे ज्या बाईंचं शेत आहे त्या शहरात राहतात, शेत वाट्याने दिलेलं. त्यांची कधी तक्रार नाही. आणि त्या अंगाला आम्हीच सहा फूट आत निघालो. म्हणजे साडेतीन गुंठ्यांच्या वर. आमचाही ट्रॅक्टरवाला खेटूनच फाळ घालत होता की! अण्णा खाली मान घालून विहिरीकडे निघून गेले. तात्या काही बोलले नाहीत, नुसते हसले.

दादाचं मत, पूर्वेचं गप्प ठेवू, त्या बाईंना काय कळतंय. मी त्यांना फोन केला आणि पुढच्या पेरणीला पट्टी सोडून दिली. तेव्हापासून दादा चारचौघांत ऐकवतो, "ह्याच्या मोजणीने अडीच आले आणि साडेतीन गेले." अरे, ते साडेतीन आपले होतेच कधी? एका बांधाला नकाशा दाखवायचा आणि दुसऱ्या बांधाला वहिवाट, असं चालतं का?

तात्यांनी मोजणी मान्य केली नाही, वरच्या अधिकाऱ्याकडे निमताना मोजणी, म्हणजे पहिली तपासायला केलेली फेरमोजणी, टाकली. तो त्यांचा हक्कच होता. तीही त्याच दगडावर येऊन थांबली. मग एका पेरणीला त्यांनी न बोलता चार फूट सोडले. खरं तर साडेतीनच. उरलेल्या अर्ध्या फुटावर मी पाणी सोडलं.

आता तुमच्याबद्दल. मोजणीवाले खुणा दाखवतात, ताबा देत नाहीत. हे कळलं नाही की लोक नाहक त्यांच्यावर चिडतात. 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची आपली प्रत, हातात आली की ती घेऊन आधी शेजाऱ्याशी घरात बसून बोला, मग गावातल्या दोन जाणत्या माणसांना मध्ये घाला. तरी ऐकत नसतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम १३८ खाली हद्द ठरवून अतिक्रमण काढायला अर्ज होतो, नाहीतर दिवाणी दावा. आज बघू उद्या बघू करत बसू नका. १२ वर्षं उघडपणे, मालकी सांगत केलेला कब्जा असला की समोरचा त्यावर हक्क सांगू शकतो. दगड सापडले तर त्यांचे फोटो काढा, वर चुना मारा. हद्दीची खूण मोडणं हा दंडाचा विषय आहे, हे शेजाऱ्याच्या कानावर असू द्या.

एक राहिलंच. गटात तुमच्यासोबत भाऊबंदांची नावं असतील, बांधाचा वाद त्यांच्याशीच असेल आणि पोटहिस्स्यांची, म्हणजे गटातल्या ज्याच्या-त्याच्या तुकड्यांची, फाळणी झालेली नसेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. अख्ख्या गटाची बाहेरची हद्द कळेल, पण चुलत्याची आणि तुमची मधली रेषा नकाशावर नसतेच. आधी वाटप आणि पोटहिस्सा मोजणी. आमचा गट अजून दादाच्या आणि माझ्या नावावर एकत्रच आहे, आणि त्या अर्जावर तो सही करत नाही.