देवीचा कोप सांगून वाळीत टाकलं. दंड भरावा का?

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यात आमचं गाव आहे. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी जमलेल्या वर्गणीचा हिशेब मी गावकीच्या, म्हणजे गावच्या पंचमंडळींच्या, बैठकीत मागितला. त्यावर मला २५,००० रुपये दंड लावला. मी भरला नाही. मग अंगात अवसर (देवीचं वारं) आलेल्या गृहस्थाने "दंड नाही भरला तर या घराचं वाटोळं होईल" असं सर्वांसमोर सांगितलं आणि आम्हाला वाळीत टाकलं. शिमग्यात आई ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती. पालखी आमचं घर सोडून पुढच्या घरी गेली. आमच्याशी बोलेल त्याला ५,००० रुपये दंड, असा मेसेज गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे. आई म्हणते, माफी मागून मोकळा हो. काय करू?

उत्तर: दंड भरू नका आणि माफीनाम्यावर सही तर मुळीच करू नका. उद्या तोच कागद तुमचा कबुलीजबाब म्हणून पुढे केला जाईल. आईंना जरूर सांगा की तक्रार देवीविरुद्ध होणार नाही. तिचं नाव घेऊन पैसे मागणाऱ्या आणि माणसं तोडणाऱ्यांविरुद्ध होणार आहे.

सामाजिक बहिष्कार रोखणारा महाराष्ट्राचा २०१६ चा स्वतंत्र कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. समाजाच्या धार्मिक कार्यात किंवा मिरवणुकीत सामील होण्यापासून अडवणं, संबंध तोडायला लोकांना चिथावणं, हे सगळं त्याच्या कलम ३ मध्ये येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मदत करणारेही सुटत नाहीत. "आमची गावकी म्हणजे जातपंचायत नव्हे, आमची नोंदणीही नाही" हा बचाव हमखास येतो, पण कायदा पंचांच्या मंडळाची नोंदणी बघत नाही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो. जामीनपात्रही आहे, त्यामुळे पंच लगेच सुटून गावात परततील. त्याची मनाची तयारी ठेवा.

आता अवसराचं. देवाला फुलं लावून नुसता कौल मागणं हा गुन्हा नाही. पण दैवी शक्ती अंगात आल्याचं भासवून, तिचं ऐकलं नाही तर वाईट होईल अशी धमकी देणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आहे. तिथे शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड ५,००० ते ५०,००० रुपये, आणि गुन्हा अजामीनपात्र. म्हणून तेव्हाचे नेमके शब्द, तारीख आणि ऐकणाऱ्यांची नावं आजच लिहून काढा. "देवी कोपली म्हणे" एवढ्या मोघम लिहिण्याने हे कलम टिकणार नाही.

"आम्ही तुझ्यावर गाऱ्हाणं घालू (देवीपुढे तुझी तक्रार मांडू), मग देवी बघून घेईल" असं कुणी म्हटलं होतं का, तेही आठवा. आपल्या कृतीने देवाचा कोप ओढवेल असं भासवून कुणाकडून, तो कायद्याने बांधील नसलेली गोष्ट करून घेणं किंवा तसा प्रयत्न करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५४ खाली गुन्हा आहे. मात्र हा अदखलपात्र आहे, आणि घोळ इथेच होतो. ठाण्यात हे एकच कलम धरून ‘एनसी’, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहितात आणि तुम्हाला कोर्टाची वाट दाखवतात. तक्रारीत पहिला मुद्दा बहिष्काराचा ठेवा. एक गुन्हा जरी दखलपात्र असला, तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरून तपास होतो.

तक्रार लेखी द्या आणि पोहोच घ्या. ‘समस्त गावकरी’ असं लिहू नका. बैठकीत दंड कुणी सांगितला, मेसेज कुणाच्या नंबरवरून आला, पालखी कुणाच्या सांगण्यावरून पुढे नेली, हे माणसागणिक लिहा. उपअधीक्षकांच्या परवानगीने पोलीस १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात. त्यानंतरही नोंद झाली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवा, आणि तरीही हालचाल नसेल तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, मागून घ्या.

मेसेज पुराव्यात आणायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मेसेज ज्या फोनवर आला तो विकू नका, फॉरमॅट करू नका, ग्रुपमधून बाहेरही पडू नका. रागाच्या भरात बरेच जण ग्रुप सोडतात, चॅट पुसतात, आणि सगळ्यात भक्कम पुरावा हातचा जातो.

पालखीबाबत एक फरक ध्यानात असू द्या. पहिला मान कुणाचा, नारळ कुणाचा, हा मानपानाचा वाद फौजदारी कोर्ट सोडवणार नाही. प्रत्येक दारी जाणारी पालखी तुमच्याच दारी न थांबणं वेगळं. तो बहिष्काराचा पुरावा आहे. आधीच्या वर्षी ती तुमच्या अंगणात आली होती असा एखादा फोटो असेल तर जोडा.

बचावात १९६२ च्या दाऊदी बोहरा खटल्याचा दाखला येऊ शकतो. त्यात सर्वोच्च न्यायालयाने बहिष्कृत करण्याला मनाई करणारा मुंबईचा १९४९ चा कायदा रद्द केला होता. तो प्रश्न एका संप्रदायाच्या धर्मप्रमुखाच्या अधिकाराचा होता, आणि २०२३ मध्ये तो मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. हिशेब मागितला म्हणून गावकीने लावलेला दंड हा धर्माचा भाग आहे, असं त्यातून निघत नाही.

हिशेबाची मागणी सोडू नका. देवस्थान नोंदणीकृत न्यास असेल तर सहायक धर्मादाय आयुक्तांकडे हितसंबंधित व्यक्ती म्हणून वेगळा अर्ज करा. गैरव्यवहार दिसला तर विश्वस्तांना दूर करण्याचा अधिकार महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ड मध्ये आहे.

तक्रार गेली की "तक्रार मागे घे, पुढच्या शिमग्याला पालखी आणतो" असा निरोप येईल. बहिष्काराच्या गुन्ह्यात तडजोड तुमच्या मर्जीने आणि कोर्टाच्या परवानगीनेच होते. देवळात अंगारा लावून झालेला समेट कोर्टात चालत नाही. बहिष्काराच्या गुन्ह्याची दखल घ्यायला तीन वर्षांची मुदत आहे, कलम ३५४ ला एकच वर्ष. या आठवड्यात टिपण तयार करा.