लिहिल्याशिवाय राहवत नाही, हे वेडाचं लक्षण आहे का?

नाही. लिहिल्याशिवाय चैन न पडणं हा आजार नव्हे. पण हात थांबतच नाही अशी एक अवस्था वैद्यकात नोंदलेली आहे, तिला हायपरग्राफिया म्हणतात. १९७४ मध्ये वॅक्समन आणि गेश्विंड या मेंदूतज्ज्ञांनी ती टेम्पोरल लोबच्या (कानशिलामागचा मेंदूचा भाग) अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) रुग्णांत वर्णिली. हे लोक वह्याच्या वह्या भरत. रशियन कादंबरीकार दोस्तोयव्हस्कीलाही अपस्मार होता, म्हणून त्याचं नाव इथे नेहमी निघतं. पण वह्या कुणीही भरेल, तेवढ्याने दोस्तोयव्हस्की होत नाही.

वेड आणि प्रतिभेचं नातं मात्र अगदीच भाकड नाही. स्वीडनमध्ये सुमारे १२ लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या (२०१३). सर्जनशील व्यवसायांत एकूण पाहता बायपोलर (अतिउत्साह आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार) सोडून इतर मानसिक आजार जास्त दिसले नाहीत. लेखकांमध्ये मात्र नैराश्य, स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा आजार) आणि आत्महत्याही जास्त आढळल्या. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. शिवाय स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरच्या रुग्णांची निरोगी भावंडंही अशा व्यवसायांत जास्त दिसली, म्हणजे प्रतिभेसाठी आजारी पडावं लागतं असं अजिबात नाही.

तुम्ही खुशाल लिहा. फक्त दिवसचे दिवस झोप उडाली, विचार आवरेनासे झाले, तर मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा.