पहिली लाइव्ह पोकर स्पर्धा: विदर्भातल्या वाचकांची प्रश्नोत्तरे

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला आणि तेव्हापासून माझ्याकडे येणारी पत्रं बदलली. आधी लोक ॲपबद्दल विचारायचे. आता विचारतात, गोव्याला स्पर्धा आहे, जाऊ का? लिहिणारे बहुतेक जण शेती, दुकान, नोकरी सांभाळून हौसेनं खेळणारे आहेत. उत्तरं नो-लिमिट टेक्सस होल्डेमबद्दल (हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी पाच सामाईक पत्ते, आणि हव्या तेवढ्या चिप्स लावायची मुभा) आहेत, कारण स्पर्धा बहुतेक त्याच प्रकारच्या असतात.

प्रश्न: दोन वर्षं मोबाइलवर खेळलो, हात बऱ्यापैकी बसला होता. आता आम्ही तिघं मित्र गोव्याला जाऊन राहिलो. खऱ्या टेबलावर काय वेगळं राहते? (धामणगाव रेल्वे)

उत्तर: भाऊ, पत्ते तेच राहतात, पण मोबाइल तुम्हाला नियमाबाहेरची चूक करूच देत नव्हता. पाळी नसली की बटण दिसायचं नाही, रक्कम चुकली की ॲप अडवायचं. टेबलावर हे सगळं तुमच्या तोंडावर आणि हातावर असतं.

पाळी आल्यावर तोंडातून निघालेला शब्द बांधील असतो. 'कॉल' (समोरच्यानं लावली तेवढीच रक्कम लावणं) म्हणालात की कॉल, मग चिप्स (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या) किती का सरकवल्या असेनात. काही न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकली, तर ती रेझ (रक्कम वाढवणं) धरत नाहीत, कॉल धरतात. नव्या खेळाडूची सगळ्यात जास्त फजिती इथेच होते: हातात राजाची जोडी, मनात रेझ, टेबलावर एक पाच हजाराची चिप, आणि डीलर म्हणतो 'कॉल'. म्हणून आधी आकडा बोला, मग चिप्स सरकवा. चिप्स दोन हप्त्यांत पुढे नेल्या तर त्याला स्ट्रिंग बेट म्हणतात आणि दुसरा हप्ता मोजला जात नाही. आपल्या पत्त्यांवर एक चिप ठेवायची सवय लावा. डीलरनं (पत्ते वाटणाऱ्यानं) चुकून तुमचे चिप न ठेवलेले पत्ते ओढून घेतले, तर तो डाव बहुतेक वेळा मेलाच. हे नियम टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन या २००१ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेनं एकसारखे करत आणले आहेत आणि जगभरच्या बहुतेक स्पर्धा त्यांच्याच आधारानं चालतात.

तुम्ही तिघं जाताय, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एका टेबलावर आलात तर दोस्ती बाहेर ठेवा. मित्र आहे म्हणून त्याच्यावर बेट न लावणं हीसुद्धा मिलीभगत धरली जाते आणि त्यासाठी स्पर्धेतून काढू शकतात. डाव चालू असताना आपसात वऱ्हाडी बोलू नका. टेबलावर कोणती भाषा चालेल हे आयोजक ठरवतात, आणि बाकीच्यांना न समजणाऱ्या भाषेत दोघं कुजबुजले की संशय येणारच. जिंकलेल्या रकमेत एकमेकांचा हिस्सा ठेवणार असाल, तर किती टक्के ते निघण्याआधी कागदावर लिहा. बक्षीस लागल्यावर ठरवायला बसलेल्या मित्रांची भांडणं मी पाहिली आहेत.

आणि वेग. ॲपवर तासाला साठ-सत्तर डाव सहज व्हायचे, इथे पंचवीस-तीस होतात. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांतून एकदा येते, म्हणजे आठ तास बसलात तर दिवसाकाठी साधारण एकदा. बाकी वेळ पत्ते टाकत राहायचे आहेत. त्या वेळात मोबाइल काढू नका. कोण किती डाव खेळतो, कोण शेवटी काय दाखवतो, हे बघा. हौशी खेळाडूला फुकट मिळणारी माहिती ती एवढीच, आणि बहुतेक जण तीही सोडून देतात.

प्रश्न: पोळ्याला, दिवाळीला तीन पत्ती खेळत आलो. पोकर त्याच्याच जवळचा खेळ आहे म्हणतात. मंग काहून हरतो? (वणी)

उत्तर: तीन पत्तीच्या सवयी तुम्हाला हरवत आहेत, दादा. पहिली गोष्ट, पत्त्यांचा क्रम. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीनं येणारे पत्ते) कलरच्या (एकाच चिन्हाचे पत्ते) वर असतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. याला कारण आहे. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात बनतात, त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६. म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पत्त्यांवर गेलं की चित्र उलटतं: साधे सिक्वेन्स १०,२०० आणि साधे कलर ५,१०८. जे कमी वेळा बनतं ते वर. त्याच हिशोबानं तीन पत्तीतली राजेशाही ट्रेल (एकाच किमतीचे तीन पत्ते) पोकरमध्ये सिक्वेन्स आणि कलर दोघांच्याही खाली जाते. बोर्डवर (टेबलावरच्या सामाईक पत्त्यांत) एकाच चिन्हाचे तीन पत्ते पडले असताना ट्रेलच्या जोरावर सगळ्या चिप्स लावणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांना आपण मागे आहोत याचा पत्ताच नव्हता.

दुसरी गोष्ट ब्लाइंडची. तीन पत्तीत ब्लाइंड खेळणं हा हिमतीचा मामला असतो: समोरचा पत्ते बघून खेळतो त्याच्या निम्म्यात तुमची चाल चालते. पोकरमधला ब्लाइंड ही पत्ते बघण्याआधी आळीपाळीनं भरायची सक्तीची रक्कम आहे. तिच्यात हिंमत नाही, सवलत नाही. 'आपले पैसे आत आहेतच' म्हणून कोणत्याही पत्त्यावर डाव वाचवायला गेलात, तर दर फेरीत थोडे थोडे गळत जाल.

तिसरी गोष्ट हिशोबाची, आणि ही शिकाच. समजा फ्लॉपनंतर (टेबलावर पहिले तीन पत्ते उघडल्यावर) तुमच्याकडे बदामाचे चार पत्ते झाले. उरलेले बदाम नऊ. एक पत्ता यायचा असेल तर नऊला दोननं गुणा: अठरा टक्के. दोन्ही पत्ते यायचे असतील तर चारनं: छत्तीस टक्के. नेमके आकडे १९ आणि ३५ आहेत, म्हणजे तोंडी हिशोब पुरेसा जवळ आहे. आता पॉटमध्ये (डावात जमलेल्या रकमेत) ६,००० आहेत आणि समोरच्यानं ३,००० लावले. तुम्हाला ९,००० मिळवायला ३,००० घालायचे आहेत. चार वेळांतून एकदा जिंकलात तर बरोबरी, म्हणजे २५ टक्के लागतात. तुमच्याकडे पुढच्या एका पत्त्यावर १९ आहेत. पुढे आणखी पैसे मिळण्याची खात्रीलायक शक्यता दिसत नसेल तर पॅक, म्हणजे पत्ते टाकून द्या. अडतीत भाव ऐकून मनातल्या मनात गणित करणाऱ्या माणसाला हे जड नाही. डाव चालू असताना ते करायचं, एवढंच.

प्रश्न: मी लय सबुरीनं खेळलो. चांगल्या पत्त्याची वाट पाहिली आणि ब्लाइंडनंच खाल्लं. चुकलं कुठं? (मूर्तिजापूर)

उत्तर: सुरुवातीला सबुरी बरोबर होती. तुम्ही ती बदलली नाही. आकडे घेऊन बघू. ब्लाइंड १,०००-२,००० आहेत (छोटा आणि मोठा, म्हणजे बिग ब्लाइंड), बिग ब्लाइंडवाला २,००० अँटी (आणखी एक सक्तीची रक्कम) भरतो, टेबलावर नऊ जण. म्हणजे एका फेरीत ५,००० जातात. तुमच्याकडे २४,००० असतील तर पाच फेऱ्याही पुरत नाहीत. तासाला सत्तावीस डाव म्हणजे तीन फेऱ्या. काहीच न करता दीड तासात तुम्ही संपता, आणि त्याआधीच ब्लाइंड पुन्हा वाढलेले असतात.

चिप्स किती आहेत हे हजारांत मोजणं सोडा, बिग ब्लाइंडमध्ये मोजा. वरच्या उदाहरणात तुमच्याकडे बारा आहेत. बारा-तेराच्या खाली आल्यावर थोडं थोडं खेळणं परवडत नाही. आधी सगळे पॅक झाले असतील आणि तुम्ही शेवटच्या दोन-तीन जागांवर असाल, तर कोणताही एक्का, कोणतीही जोडी, दोन मोठी चित्रं यांवर सगळ्या चिप्स लावा, म्हणजे ऑल-इन करा. समोरचा पॅक झाला तरी ब्लाइंड आणि अँटी मिळतात, आणि तेवढ्यावर आणखी एक फेरी निघते. पाच ब्लाइंडवर येईपर्यंत थांबलात तर तुमच्या ऑल-इनला कोणी घाबरत नाही, कारण कॉल करायला स्वस्त पडतं. वाट पाहण्याची किंमत तिथे कळते.

प्रश्न: मी शाळेत शिकवते, यजमानांबरोबर दोनदा स्पर्धेला गेले. मोठा डाव आला की हात थरथरतात, आणि टेबलावर व्यावसायिक खेळाडू दिसला की सुचत नाही. (तुमसर)

उत्तर: मॅडम, हात थरथरणं अगदी सामान्य आहे. अनुभवी खेळाडू त्यातून एकच अर्थ काढतात: पत्ते भारी आहेत. तुम्ही एक ठराविक रीत धरा. प्रत्येक पाळीला, पत्ते कसेही असोत, मनात पाच मोजायचे, आकडा बोलायचा, चिप्स सरकवायच्या, हात टेबलाच्या कडेला टेकवायचे. रीत एकसारखी झाली की बघणाऱ्याला वेगळं काही दिसत नाही.

व्यावसायिकाबद्दल सांगायचं तर, हजारो डावांनंतर त्याचं कौशल्य वरचढ ठरेलच, पण एका दिवसात पत्त्यांना मोठा वाव असतो. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढेही पाचातून जवळपास एकदा हरते. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा टेनेसीतला हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरी जिंकून लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला. १०,००० डॉलर प्रवेश फीची ती स्पर्धा, ८३९ खेळाडू, आणि शेवटी सॅम फर्हासारख्या मुरलेल्या खेळाडूला हरवून त्यानं २५ लाख डॉलर जिंकले. ही गोष्ट मी तुमची भीती जावी म्हणून सांगतोय. कोणी ती नोकरी सोडायला कारण म्हणून वापरू नये.

प्रश्न: आमच्या गावात हिवाळ्यात शंकरपट होते, कबड्डी होते. पोट्टे म्हणतात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात पोकरची स्पर्धा ठेवू, ५०० रुपये फी. चालेल का? (राळेगावजवळचं गाव)

उत्तर: फी आणि रोख बक्षीस ठेवून करू नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले आहेत, पण पोकर त्यात बसतो का यावर न्यायालयांत एकमत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये रमीला प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ म्हटलं. पोकरला गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये जुगार ठरवलं, तर अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये केवळ जुगाराच्या अंदाजावरून त्याला परवानगी नाकारता येणार नाही असं म्हटलं. महाराष्ट्रानं १९७६ चा स्वतःचा कॅसिनो कायदा कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच केला. या भांडणात तुमच्या गावच्या पोरांनी स्वतःच्या नावावर गुन्हा का ओढवून घ्यावा?

पैशाशिवाय मात्र जरूर खेळा. चिंचोके आणि कवड्या चिप्स म्हणून वापरा, प्रत्येकाला सारखे वाटा, दर वीस मिनिटांनी ब्लाइंड वाढवा, आळीपाळीनं पत्ते वाटा. पाळी, बेटची रक्कम, साइड पॉट (एकाच्या चिप्स संपल्यावर बाकीच्यांमधला वेगळा पॉट), ऑल-इनला पत्ते उघडे करणं, हे सगळं इथे विनाखर्च शिकता येतं. गोव्याला पहिल्यांदा जाणाऱ्यानं आधी असे दहा-बारा दिवस काढलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न: माझे मिस्टर दोनदा गोव्याला जाऊन आले. पहिल्यांदा थोडे पैसे आणले. दुसऱ्यांदा कापसाच्या चुकाऱ्यातले गेले. आता पीककर्जातून नेतो म्हणतात, एकाच स्पर्धेत सगळं काढतो म्हणतात. काय सांगू? (दारव्हा तालुका)

उत्तर: ताई, यावेळी त्यांनी जाऊ नये. हे मी खेळाच्या बाजूनं बोलतोय.

अशा स्पर्धेत साधारण १० ते १५ टक्के खेळाडूंना बक्षीस मिळतं, आणि त्यातलाही मोठा वाटा पहिल्या तिघा-चौघांकडे जातो. चांगला खेळणारासुद्धा दहातून आठ वेळा रिकाम्या हातानं येतो. म्हणून 'एकाच स्पर्धेत काढतो' ही योजना जगातल्या कोणत्याही खेळाडूला जमणारी नाही. पहिल्या वेळी पैसे आले यातूनही काही सिद्ध होत नाही.

स्पर्धेचा एक गुण असतो: जास्तीत जास्त किती जाणार हे आधीच ठरलेलं असतं. पण री-एन्ट्रीनं तो गुण संपतो. बाहेर पडलं की पुन्हा फी भरून बसता येतं, आणि रागात बसलेला माणूस तीन-तीनदा बसतो. नंतर शेजारी कॅश टेबल (स्पर्धेबाहेर थेट पैशांवर चालणारा खेळ) असतंच. मागच्या वेळी नेमकं काय झालं ते त्यांना शांतपणे विचारा: फी किती होती, किती वेळा भरली, स्पर्धेनंतर कुठे बसले. या तीन प्रश्नांची उत्तरं ते लपवत असतील, तर मामला हौसेच्या पुढे गेला आहे.

पीककर्जाचं तर बोलायलाच नको. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शून्य टक्के व्याज पडतं. कर्ज थकलं की ती सवलत गेली, आणि पुढच्या हंगामात बियाण्या-खतासाठी सावकाराचं दार. ते पैसे पेरणीचे आहेत. प्रवेश फी अशाच रकमेतून भरावी जी गेली तर घरातलं एकही काम अडणार नाही, आणि तुमच्या पत्रावरून तशी रक्कम आज तुमच्या घरात नाही.

ते ऐकत नसतील, रात्री झोपत नसतील, चिडचिड करत असतील, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालू असते. तुम्ही स्वतःसाठीही करू शकता. पासबुक आणि कर्जाची कागदपत्रं तुमच्या नजरेसमोर ठेवा. आणि मला पुन्हा लिहा.

प्रश्न: दोन लाखांचं बक्षीस लागलं तर हातात किती येते? शेतकरी आहे, रिटर्न कधी भरला नाही. (पुसद)

उत्तर: बक्षिसावर सपाट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. दोन लाखांवर ६२,४०० रुपये. आयोजक ३० टक्के, म्हणजे ६०,००० कापूनच देतात, उरलेले २,४०० तुम्ही रिटर्न भरताना द्यायचे. हाती राहिले १,३७,६००. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी हे उत्पन्न त्यात बसत नाही, कमी उत्पन्नाची सूटही याला लागू नाही, आणि गाडीभाडं, लॉज किंवा आधीच्या स्पर्धांत गेलेले पैसे यातून वजा होत नाहीत. त्यामुळे रिटर्न भरावाच लागेल. पॅन कार्ड आणि वयाच्या पुराव्याचं ओळखपत्र सोबत न्या, गोव्यातल्या कॅसिनोत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. कर कापल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, आणि रक्कम रोख न घेता खात्यात घ्या.