वाचकांचे प्रश्न : संधिप्रकाशातली दुर्बीण

प्रश्न : मी कॅनडात अल्बर्टा प्रांतात राहतो. परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. माझी १०×२५ दुर्बीण पहाटे अगदी अंधुक दाखवते. १०×४२ घेऊ की ८×४२? मला चष्मा आहे.

उत्तर : ८×४२ घ्या. ८×४२ मध्ये ८ हे वर्धन (किती पट मोठं दिसतं) आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिमीमधला व्यास. भिंगाचा व्यास भागिले वर्धन, म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास. तुमच्या दुर्बिणीत तो २.५ मिमी, १०×४२ मध्ये ४.२ आणि ८×४२ मध्ये ५.२५ मिमी येतो. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, तेव्हा हाच फरक जाणवतो. अल्बर्टात सूर्योदयाआधी अर्धा तास शिकारीला मुभा असते, हरणंही तेव्हाच हिंडतात. शिवाय १० पट वर्धनात हाताचा कंपही जास्त दिसतो. उघड्या माळरानावर तिपाई लावणार असाल, तरच १०×४२.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे पाहा. ठिपका पूर्ण गोल हवा. कडा करड्या, चौकोनी दिसल्या तर आतलं प्रिझम (प्रकाश वळवणारी काच) हलक्या प्रतीचं आहे. चष्म्यासाठी नेत्र-अंतर (डोळा आणि डोळ्याकडचं भिंग यांतलं अंतर) किमान १६ मिमी बघा आणि रबरी कप खाली करूनच तपासा. दोन प्रतिमा दिसल्या तर नळ्या समांतर नाहीत. ती दुर्बीण परत ठेवा.

आत वाफ धरू नये म्हणून दुर्बीण नायट्रोजन भरलेली असली तरी बाहेरच्या काचेवर श्वासाची वाफ धरतेच. ती बाहीने पुसू नका, धुळीने लेप खरवडतो.

आणि रायफलच्या स्कोपमधून (नेम धरायच्या दुर्बिणीतून) प्राणी शोधू नका. जिकडे पाहाल तिकडेच रायफल रोखली जाते, आणि तिथे माणूसही असू शकतो.