वाचकांचे प्रश्न : केबलच्या बिलातले पैसे जातात कुठे?

प्रश्न : गिऱ्हाइकाकडून महिन्याला २७१ रुपये घेतो. एमएसओ (आम्हाला सिग्नल पुरवणारी मोठी केबल कंपनी) माझ्या आगाऊ भरलेल्या वॉलेटमधून पैसे आधीच कापून घेतो, उरलेल्याचा हिशेब मात्र लागत नाही. केबलचालकाचा वाटा नेमका किती? (एक केबलचालक, अक्कलकोट रोड, सोलापूर)

उत्तर : बिल सुटं करून मांडा, म्हणजे हिशेब लागेल. समजा एनसीएफ, म्हणजे जोडणीचं मूळ भाडं, १३० रुपये आहे आणि पे चॅनेलची, म्हणजे पैसे मोजून घ्यायच्या चॅनेलची, किंमत १०० रुपये. एकूण २३०. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४१ रुपये ४० पैसे. झाले २७१ रुपये ४० पैसे.

पे चॅनेलच्या १०० रुपयांतले किमान २० टक्के ब्रॉडकास्टरने, म्हणजे चॅनेलच्या कंपनीने, वितरण शुल्क म्हणून सोडावेच लागतात. म्हणजे ब्रॉडकास्टरला ८० गेले, २० खाली राहिले. एमएसओ आणि केबलचालक यांच्यात आपसात वेगळं काही ठरलं नसेल, तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१७ च्या नियमांतला प्रमाणित करार लागू होतो. त्यात एनसीएफ आणि वितरण शुल्क दोन्हींची वाटणी ५५:४५ आहे. एनसीएफमधले ७१.५० एमएसओचे, ५८.५० तुमचे. वितरण शुल्कातले ११ त्याचे, ९ तुमचे. तुमच्या हाती ६७ रुपये ५० पैसे यायला हवेत. यातूनच वायर, नोड, वीज आणि पोराचा पगार भागवायचा असतो, म्हणून पाच-दहा रुपयांचा फरकही सोडून देऊ नका.

आता गोची कुठे होते ते पाहा. २० टक्क्यांच्या वर ब्रॉडकास्टर आणखी १५ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतो. ती आधी एमएसओच्या खात्यात जमा होते. तिच्यातला तुमचा हिस्सा करारात लिहून घेतला नसेल, तर नंतर मागताना हातात कागद नसतो. दुसरी गळती बंद बॉक्सची. ब्रॉडकास्टरचं बिल ठरतं ते महिन्याच्या ७, १४, २१ आणि २८ तारखेला, संध्याकाळी ७ ते रात्री १२ च्या दरम्यान घेतलेल्या चालू ग्राहकसंख्येच्या सरासरीवर. गिऱ्हाईक घर बदलून गेलं, वायर काढली, पण एमएसओच्या पोर्टलवर बॉक्स चालूच राहिला, तर तो मोजणीत येतो आणि वॉलेटमधून पैसे जातात. वायर काढली त्याच दिवशी बॉक्स निष्क्रिय करा आणि पोर्टलवरच्या नोंदीचा फोटो ठेवा.

करार लेखीच हवा, त्याची सही-शिक्क्याची प्रत तुमच्याकडे हवी. वाद मिटलाच नाही तर दाद दिल्लीच्या टीडीसॅटकडे, म्हणजे दूरसंचार वादांच्या न्यायाधिकरणाकडे, मागता येते. तिथेही पहिला प्रश्न कराराच्या प्रतीचाच येतो. जानेवारी २०२५ पासून केबलचालकाची नोंदणी पोस्टात होत नाही. ती माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन होते, पाच वर्षांसाठी, शुल्क ५,००० रुपये.

प्रश्न : आमच्या घरी सासूबाईंना तेलुगू, मला मराठी आणि शेजारून आलेल्या जाऊबाईंना कन्नड चॅनेल हवं असतं. तीन चॅनेलसाठी तीन पॅक का घ्यायचे? (एक गृहिणी, पूर्व भाग, सोलापूर)

उत्तर : घ्यायचीच सक्ती नाही. प्रत्येक पे चॅनेल सुटं देणं बंधनकारक आहे, तसं स्पष्ट सांगून मागा. मात्र आधी बेरीज करा. ट्रायच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार पॅकमध्ये घालायच्या चॅनेलची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर असता कामा नये, आणि पॅकवर सुट्या किमतींच्या बेरजेपेक्षा ४५ टक्क्यांपर्यंतच सूट देता येते. १९ रुपयांची चार चॅनेल सुटी घेतली तर ७६ रुपये, पॅकमध्ये कमीत कमी ४१ रुपये ८० पैसे. एकाच कंपनीची दोन-तीन चॅनेल रोज बघत असाल तर पॅक परवडतो, तिघींची तीन वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर सुटीच बरी. कंपन्या पॅकचा आग्रह धरतात, कारण चॅनेल जास्त घरांत पोचलं की जाहिरातीला भाव चढतो, आणि जाहिरातीच्या पैशात केबलवाल्याचा वाटा नसतो.

एनसीएफवरची कमाल मर्यादा जुलै २०२४ पासून उठली आहे. त्यामुळे शेजारच्या गल्लीतला दर वेगळा असू शकतो. पावती मागा, आणि त्यावर एनसीएफ व चॅनेलची रक्कम वेगवेगळी लिहिलेली आहे ना ते बघा.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची मिरवणूक दाखवणाऱ्या स्थानिक चॅनेलचं उत्पन्न कशावर? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : केबल नेटवर्क स्वतः चालवतं त्या चॅनेलला नियमांत प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात. त्याची कमाई मुख्यतः गावातल्या जाहिरातींवर : साड्यांची दुकानं, सराफ, क्लासेस. नोंदणी प्रत्येक चॅनेलमागे १,००० रुपये, आणि पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ असं लिहिलेलं असावं लागतं.

उपग्रहावरच्या चॅनेलचं वेगळं. त्याला मागणी कमी असेल तर एमएसओ त्याच्याकडून कॅरेज फी घेतो. ती महिन्याला ग्राहकामागे जास्तीत जास्त २० पैसे. मागणी वाढेल तशी ती उतरत जाते, आणि २० टक्के ग्राहक ते चॅनेल घेऊ लागले की शून्य होते.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असते. तिथे अधूनमधून केबलवरून एखादं मोठं चॅनेल गायबच होतं म्हणते. असं कसं? (एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : तिथे नेटवर्कचे, म्हणजे देशभरच्या मोठ्या चॅनेल कंपन्यांचे, कार्यक्रम गावोगावची स्थानिक स्टेशनं दाखवतात. १९९२ च्या कायद्याने स्टेशनला दर तीन वर्षांनी निवड करता येते : केबलने फुकट दाखवलंच पाहिजे असा हक्क बजावायचा, की परवानगीचे पैसे मागायचे. पैशांवर एकमत झालं नाही की परवानगी संपते आणि पडदा कोरा होतो. पूर्वी नेटवर्क स्टेशनला पैसे देत असे. आता स्टेशनला केबलकडून मिळालेल्या पैशांतला मोठा भाग उलट नेटवर्कला द्यावा लागतो, म्हणूनच घासाघीस इतकी ताणली जाते.