वस्तीजवळ डिस्टिलरी येणार आहे, जनसुनावणीत हरकत कशी घ्यायची?

तुमचा प्रश्न असा: वस्तीपासून ८०० मीटरवर मळीपासून रोज ६० हजार लिटर अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी प्रस्तावित आहे, जनसुनावणीची जाहिरात आली आहे, तर हरकत कशी नोंदवायची आणि तिचा काही उपयोग होतो का.

उपयोग होतो, पण हरकत लेखी हवी आणि तिला कंपनीला उत्तर द्यावेच लागेल अशी हवी. "आमचा प्रकल्पाला विरोध आहे" या वाक्याला उत्तर द्यावे लागत नाही. "कंपनीच्या पर्यावरण अहवालाच्या अमुक पानावर लगून (सांडपाणी साठवायचे तळे) पाच दिवसांचे म्हटले आहे आणि नकाशावरच्या मापाने ते बारा दिवसांचे निघते" या वाक्याला द्यावे लागते. आधी नियम, मग डिस्टिलरीत नेमके काय तपासायचे ते सांगतो.

सुनावणी २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार होते. राज्यात ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. जाहिरात आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस असावे लागतात, म्हणून जाहिरातीचे कात्रण तारीख दिसेल असे आजच जपून ठेवा. या काळात पर्यावरण अहवालाचा मसुदा आणि मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि मंडळाचे कार्यालय इथे बघायला मिळायला हवा. प्रत्यक्ष जाऊन मागा. "साहेब नाहीत, नंतर या" असे सांगितले तर त्याच दिवशी दोन ओळींचा अर्ज आवक विभागात द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. अहवाल वेळेत न मिळणे हा किरकोळ मुद्दा नाही. गोव्यातल्या एका लोहखनिजाच्या खाणीवरून झालेल्या 'उत्कर्ष मंडळ' खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली दोन गोष्टी स्पष्ट केल्या: सारांश सुनावणीच्या पुरेसा आधी लोकांच्या हातात पडला पाहिजे, आणि प्रकल्प तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने लोकांच्या हरकती का मान्य केल्या किंवा का फेटाळल्या याची कारणे दिली पाहिजेत. हरकत मुद्देसूद असावी असे मी म्हणतो ते यासाठीच. मोघम हरकत फेटाळायला कारण शोधावेच लागत नाही.

आता अहवाल. पाचशे पाने बघून घाबरू नका. तुमच्या कामाचे चाळीसेक पानांतच असते, आणि त्यातही सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्पेंटवॉश, अल्कोहोल काढून झाल्यावर उरणारे सांडपाणी, ज्याला गावात सगळे मळीचे पाणी म्हणतात.

एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १२ लिटर स्पेंटवॉश निघतो. आठच धरला तरी ६० हजार लिटरला रोज ४ लाख ८० हजार लिटर होतो. म्हणजे दहा हजार लिटरचे ४८ टँकर, रोज. हे पाणी काळपट तपकिरी, गरम आणि आम्लधर्मी असते. त्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते त्याचे माप, लिटरला ४० ते ५० हजार मिलिग्रॅमच्या घरात जातो. घरगुती सांडपाण्याचा दोन-तीनशे असतो, त्यावरून अंदाज करा. कंपनी लिहील की हे पाणी बाष्पीभवन यंत्रात घट्ट करून बॉयलरमध्ये जाळू, बाहेर एक थेंबही सोडणार नाही. तंत्र खरे आहे आणि नीट चालवले तर चालतेही. प्रश्न ते बंद पडते तेव्हाचा आहे. बाष्पीभवन यंत्राच्या नळ्यांत क्षार बसतात, त्या वारंवार धुवाव्या लागतात. स्पेंटवॉशमध्ये पोटॅश भरपूर असल्याने बॉयलरच्या नळ्यांवर चिकट राख साचते आणि बॉयलर थांबवून ती काढावी लागते. त्या दिवसांत अल्कोहोलचे उत्पादन चालू राहिले तर मळीचे पाणी जाणार कुठे? लगूनमध्ये. लगून भरले की रात्री ओढ्यात किंवा "खत म्हणून" शेतात.

म्हणून पहिली हरकत अशी लिहा: बॉयलर किंवा बाष्पीभवन यंत्र बंद असताना किण्वन (मळी आंबवणे) आणि ऊर्ध्वपातन (अल्कोहोल उकळून वेगळे करणे) आपोआप थांबेल अशी व्यवस्था आहे का, वर्षात किती दिवस साफसफाईसाठी धरले आहेत, आणि त्या दिवसांचा हिशेब कोणत्या पानावर आहे? दुसरी लगूनच्या मापाची. जाळण्याची पद्धत असेल तर साठवण सहसा पाच दिवसांपुरतीच मंजूर होते. ४ लाख ८० हजार गुणिले पाच म्हणजे २४ लाख लिटर, म्हणजे २,४०० घनमीटर. आराखड्यात लांबी, रुंदी, खोली दिलेली असते. गुणाकार करा. आकडा फार मोठा आला तर तो का मोठा आहे हे लेखी विचारा. तळाला कोणते अस्तर, किती जाडीचे, गळती कळायला भोवती निरीक्षण विहिरी किती, तेही विचारा. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खालच्या मुरमातून, खडकाच्या फटींतून पाणी विहिरीपर्यंत सहज पोचते.

तिसरी गोष्ट कंडेन्सेटची, म्हणजे बाष्पीभवन यंत्रातली वाफ थंड होऊन मिळणाऱ्या पाण्याची. तिच्याकडे लोकांचे लक्षच जात नाही. स्पेंटवॉशमध्ये घन पदार्थ साधारण १२ टक्के असतात. ते ६० टक्क्यांपर्यंत घट्ट केले की पाच भागांतले चार भाग पाणी वाफ होऊन वेगळे होते. तुमच्या बाबतीत ते रोज ३ लाख ८४ हजार लिटर. हे पाणी दिसायला जवळजवळ स्वच्छ, पण आम्ल आणि उग्र वासाचे असते. ते शुद्ध करून परत वापरू असे अहवालात असेल. शुद्धीकरण यंत्रणेची क्षमता या आकड्याला पुरते का ते पाहा.

आता हवेचा भाग, आणि यात एक खास मेख आहे. अहवालासाठी हवेची मोजणी एका ऋतूत, पावसाळा सोडून, सुमारे बारा आठवडे करतात. पश्चिम महाराष्ट्रात हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्व-ईशान्येकडून असतो, पावसाळ्यात पश्चिम-नैर्ऋत्येकडून. तुमची वस्ती प्रकल्पाच्या ईशान्येला असेल तर हिवाळी आलेखात ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला दिसते आणि धूर तुमच्याकडे येतच नाही असा निष्कर्ष निघतो. साखर कारखान्याचा हंगाम फेब्रुवारी-मार्चला संपतो, पण डिस्टिलरी वर्षाला ३३० दिवस चालवायची असे बहुतेक प्रस्तावांत असते. तुमच्या प्रस्तावातला आकडा बघून घ्या. म्हणजे पावसाळ्यातही चालणार, आणि तेव्हा तुमची वस्ती थेट वाऱ्याखाली. हा मुद्दा वाऱ्याच्या आलेखाचे पान देऊन मांडा आणि पावसाळी वाऱ्याचे गणित मागा. चिमणीची मीटरमधली उंची काढायचे सूत्र असे: गंधकवायू ताशी किती किलो बाहेर पडतो त्या आकड्याचा ०.३ घात घ्यायचा आणि त्याला १४ ने गुणायचे. तो आकडा धरताना फक्त कोळशातले गंधक मोजले आहे की जळणाऱ्या स्पेंटवॉशमधलेही, एवढे विचारा. वासासाठी हवेच्या राष्ट्रीय मानकांत मर्यादा नाही, त्यामुळे त्यावर नुसती तक्रार टिकत नाही. लगून झाकावे, मळीच्या टाक्या बंदिस्त असाव्यात अशी अटच मागा. आगीच्या धोक्याच्या प्रकरणात उष्णतेची वर्तुळे असतात. दर चौरस मीटरला ४ किलोवॅट उष्णतेचे वर्तुळ कंपाउंडच्या बाहेर जाते का, तेही पाहून घ्या.

एक काम मात्र सुनावणीची वाट न पाहता करा. वस्तीतल्या आणि ओढ्याच्या खालच्या अंगाच्या चार-पाच विहिरींचे पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या: रंग, पीएच (आम्लता), टीडीएस (विरघळलेले क्षार), क्लोराइड, सीओडी (बीओडीसारखेच घाणीचे माप) आणि पोटॅशियम. पोटॅशियम मुद्दाम सांगतो, कारण स्पेंटवॉशमध्ये ते लिटरला हजारो मिलिग्रॅम असते आणि विहिरीच्या पाण्यात सहसा मोजकेच. नमुना घेताना पंचनामा करा, विहिरीचा गट नंबर लिहा, फोटो काढा. उद्या पाणी बिघडले तर "आधीपासूनच असे होते" या उत्तराला हा एक कागद पुरेल. त्याची एक प्रत हरकतीला जोडा.

ग्रामसभेचा ठरावही घ्या. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी ती. ठरावाने प्रकल्प आपोआप रद्द होत नाही, हे गावाला आधीच सांगा, नाहीतर नंतर निराशा येते. पण वरचे मुद्दे ठरावाच्या मजकुरात उतरवले तर तो भक्कम कागद ठरतो.

हरकती दोन प्रतींत द्या, एकीवर पोच घ्या, शिवाय स्पीड पोस्टने मंडळाला पाठवा. एकाच छापील मजकुरावर चारशे सह्या घेण्यापेक्षा वीस जणांनी आपापल्या विहिरीचे, गोठ्याचे, शाळेचे अंतर लिहून वेगळे अर्ज दिलेले बरे. त्या चारशे सह्यांची नोंद बहुधा एका ओळीत उरकते.

सुनावणीच्या दिवशी बहिष्कार टाकू नका. या सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. तुम्ही गेला नाहीत तरी ती झालीच, आणि कागदावर हरकत नाही असे दिसते. घोषणाबाजीत सभा उधळली तर इतिवृत्तात "गोंधळ झाला" एवढेच येते, तुमच्या विहिरी येत नाहीत. नोकरीच्या मागण्याही त्या माइकवर करू नका. "रोजगार द्या" हे वाक्य पुढे प्रकल्पाला पाठिंबा म्हणून वाचले जाते. प्रत्येकाने नाव, गाव सांगून एकच मुद्दा पान क्रमांकासह मांडावा. सगळे चित्रीत होते. शेवटी इतिवृत्ताचा सारांश मराठीत वाचून दाखवणे बंधनकारक आहे, तो ऐकल्याशिवाय उठू नका. आपला मुद्दा गळला असेल तर तिथल्या तिथे नोंदवायला सांगा. इतिवृत्त आठ दिवसांत पुढे जाते. त्याची प्रत मिळवा आणि काही राहिले असेल तर मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला थेट लिहा. प्रस्ताव कोणाकडे आहे ते परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुरीच्या संकेतस्थळावर दिसते.

मंजुरी निघालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करता येते, सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस. त्यानंतर दार बंद होते. म्हणून सुनावणीनंतर दर सोमवारी एकाने परिवेश उघडून पाहायचे, हे काम आत्ताच कुणाच्या तरी नावावर टाका. आणि मंजुरीआधी जागेवर खोदकाम किंवा पाया दिसला तर तारखेसह फोटो काढून त्याच दिवशी मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात अर्ज द्या.